दोन रीडिंगांच्या मधली कादंबरी

सबस्टेशनच्या लॉगबुकात दर तासाला एक ओळ भरायची असते. कुठल्या फीडरवर, म्हणजे इथून गावांकडं जाणाऱ्या लाइनवर, किती ॲम्पियर, व्होल्टेज किती, ट्रान्सफॉर्मरचं तेल किती तापलंय. याला आम्ही ‘रीडिंग घेणं’ म्हणतो. त्याला लागतात सात-आठ मिनिटं. उरलेली पन्नास मिनिटं ऑपरेटरची. आंबा घाटाच्या अलीकडं, शाहूवाडी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आणि त्याआधी आणखी दोन ठिकाणी मिळून एकोणतीस वर्षं मी त्या पन्नास मिनिटांत कादंबऱ्या वाचल्या. ड्युटीवर वाचायची परवानगी असते असं माझं म्हणणं नाही. पण रात्री दोन वाजता ट्रान्सफॉर्मरची एकसुरी घुमघुम ऐकत बसलेला माणूस जागा राहणार की डुलकी काढणार, हे त्याच्या मांडीवर काय आहे त्यावर असतं, एवढं मात्र म्हणेन.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. तेव्हापासून पुतणे, भाचरं, पोरीच्या पुण्यातल्या मैत्रिणी असं कोणकोण विचारतं, “काका, सुट्टीत काय वाचू? यादी द्या.” यादी द्यायला काय, पाच मिनिटं लागतात. पण त्या यादीचं पुढं काय होतं ते मी बघितलंय. तीन पुस्तकं विकत घेतली जातात, त्यातल्या एकाची चाळीस पानं होतात आणि मग ते टीव्हीशेजारी चार्जरच्या वायरींखाली जाऊन बसतं. पुस्तक वाईट नसतं. लागणीचा महिना चुकलेला असतो. आमच्याकडं ऊस तोच, पण आडसाली, पूर्वहंगामी की सुरू, कुठल्या हंगामात लावायचा यावर सगळं गणित बदलतं. कादंबरीचंही तसंच आहे. म्हणून नुसती यादी देत नाही. कुठलं पुस्तक कुठल्या महिन्यात का लावायचं, तेही सांगतो.

आधी तुमचा वेळ कुठं तुटतो ते बघा

हंगामी वाचन म्हटलं की लोक हवामान बघतात. पावसात पावसाचं, थंडीत शेकोटीचं. मी वेळ बघतो. पावसाळ्यात वेळ तुकड्यातुकड्यानं येतो. वारं सुटलं, फांदी तारेला घासली, फीडर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. फोन सुरू. लाइनमन बिचारा भिजत जाणार, परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी, मागणार, काम संपवून परमिट परत करणार, मग आम्ही लाइन चालू करणार. दोन तासांत सलग चार पानं झाली तर नशीब. हिवाळ्यातली रात्र मात्र लांब आणि शांत. शेतीपंपांचा लोड असतो, पण तो गुमान वाहत असतो. उन्हाळ्यात वेळ भरपूर, डोकं कमी.

तुम्ही सबस्टेशनात नसाल. पण तुमचाही वेळ कुठल्यातरी कारणानं, कुठल्यातरी महिन्यात तुटतच असणार. मुलांच्या परीक्षा, मार्च एंड, गणपती, लग्नसराई. कागद घ्या आणि बारा महिने लिहून काढा. कुठल्या महिन्यात तुम्हाला सलग पाऊण तास मिळतो, कुठल्या महिन्यात दहाच मिनिटं मिळतात, आणि कुठल्या महिन्यात काहीच मिळत नाही. मला मार्चमध्ये काहीच मिळायचं नाही. थकबाकी वसुलीच्या धामधुमीत पुस्तक काय, वर्तमानपत्रसुद्धा होत नसे. तो महिना मी सरळ पडीक ठेवला. तुम्हीही एक महिना तसा ठेवा, उगाच अपराधी वाटून घेऊ नका.

मृग ते हस्त

पावसाळ्याला पुस्तक असं हवं, जे कुठंही बंद केलं आणि तीन तासांनी उघडलं तरी आपण जिथं होतो तिथंच असू. गुंतागुंतीच्या कथानकाचं काम नाही. एकच घट्ट वातावरण पाहिजे.

माझा पहिला मान कृष्णात खोत यांच्या ‘झड-झिंबड’ला. झड लागलेली, पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि त्यात अडकलेलं डोंगरातलं गाव, माणसं, जनावरं. बस. लेखक पन्हाळा भागातले, म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्यातले. मी ती पहिल्यांदा म्हाताऱ्या पावसात वाचली. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा आणि पुष्याचा तो म्हातारा, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या रात्री एकच फीडर चार वेळा ट्रिप झाला. दर वेळी पुस्तक पालथं घालून उठायचो, परत येऊन उचलायचो, तर आत पडतोय तोच पाऊस बाहेर पडतोय. खिडकीच्या फटीतून पाणी आलं आणि पानाचा एक कोपरा भिजला. तो डाग अजून आहे, वाचनालयानं दंडही घेतला.

तुम्ही पुण्या-मुंबईचे असाल तर खोतांच्या भाषेला पहिली दहा पानं अडखळाल. उपाय सोपा आहे, मोठ्यानं वाचा. डोळ्याला अनोळखी वाटणारा शब्द कानाला बहुतेक वेळा कळतो. घरी कुणी हसलं तर त्यालाही ऐकवा. दहा पानांनंतर भाषा आपोआप जिभेवर बसते.

बरेच जण खोतांचं ‘रिंगाण’ आधी उचलतात, कारण त्याला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. माझं ऐकाल तर आधी ‘झड-झिंबड’ आणि मग पाऊस उघडला, गवत पिवळं पडायला लागलं की ‘रिंगाण’. धरणात गाव गेलं, माणसं उठून दुसरीकडं गेली, आणि मागं राहिली एक म्हैस. तिला आणायला देवाप्पा जुन्या गावाकडं निघतो. पण माणसाशिवाय रानात राहिलेली म्हैस आता गोठ्यातली राहिलेली नाही. गोष्ट एवढीच, आणि ती पुरते. हे पुस्तक तुकड्यांत वाचू नका. सुट्टीची एक आख्खी दुपार द्या.

आता एक उलटा सल्ला. वर्षातून एकदा तरी हंगामाच्या विरुद्ध वाचा. नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ मी भर आषाढात वाचली. ती जतची, सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाची. शाळा शिकायची म्हणून एक पोरगं काय काय करतं, घर काय काय सोसतं, हे कसलाही आव न आणता सांगितलंय. २०१८ मध्ये तिला अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि पुस्तकात पाण्यासाठी माणसं नजर लावून बसलेली. आमच्या डोंगरापासून जत एसटीनं एका दिवसात जाऊन यावं इतकंच लांब. उन्हाळ्यात वाचली असती तर ‘हो, दुष्काळ असतोच’ म्हणून पुढं गेलो असतो. पावसात वाचल्यावर वळचणीचं पाणी नुसतं वाहून जाताना बघवेना.

पावसाळ्यातलं पुस्तक जपायचं कसं, तेही इथंच सांगून टाकतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, ओल भिंतीतून येते. पुस्तकं दाबून बसवू नका, मध्ये वारा खेळू दे. कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला खणात ठेवला की कसर कमी लागते. आणि जुना उपाय म्हणजे बंद कपाटात पंधरा वॅटचा पिवळा बल्ब. हा उपाय चालतो, पण त्या बल्बच्या उष्णतेनं चालतो. आमच्या भाच्यानं एलईडी लावला आणि बुरशी आली म्हणून मलाच बोल लावले. एलईडी फारसा तापतच नाही तर ओल काय सुकवणार? पिवळा बल्ब लावला तर तो पुस्तकांपासून वीतभर लांब, होल्डर पक्का, वायर सांधलेली नको, आणि घराबाहेर पडताना बंद. वीजखात्यातल्या माणसाचं एवढं ऐका.

गणपतीनंतर, दसऱ्याच्या आधी

या दिवसांत बारीक पुस्तक घ्यावं, आठ तासांच्या एका पाळीत संपणारं. देविदास सौदागर यांची ‘उसवण’ मी अशीच एका रात्रपाळीत संपवली. रेडिमेड कपड्यांच्या लाटेत दुकान कसंबसं तगवू बघणाऱ्या शिंप्याची ही गोष्ट. लेखक तुळजापूरचे आणि स्वतः शिवणकाम केलेले, त्यामुळं मशीनचा, कात्रीचा, उधारीचा तपशील खोटा पडत नाही. २०२४ चा युवा पुरस्कार या पुस्तकाला आहे. दसऱ्याच्या आधी का? कारण आमच्या गावच्या टेलरकडं एकेकाळी याच दिवसांत पाय ठेवायला जागा नसायची. शाळेच्या ड्रेसचे गठ्ठे, दिवाळीचे सदरे, काजं-बटणं करायला बसलेल्या बायका. आता त्याच्याकडं पँट आखूड करायची आणि चेन बदलायची एवढंच येतं. पुस्तक वाचून झालं तेव्हा मी चांगला असलेला शर्ट उगाच ‘जरा बारीक कर’ म्हणून त्याच्याकडं टाकला.

हे आवडलं तर मागोमाग रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ घ्या. ती १९७१ ची, म्हणजे समकालीन म्हणता येणार नाही, पण तीही खेड्यातल्या शिंप्याच्याच घराची गोष्ट आहे आणि त्या घरची बाई ती सांगते. दोन पुस्तकांमध्ये पन्नास वर्षं आहेत. शिंप्याच्या घरावरचं संकट तेच. दोन्ही जोडीनं वाचलीत की कुठल्या अभ्यासक्रमात मिळणार नाही असं काहीतरी हाताला लागतं.

दिवाळी

दिवाळीत कादंबरी सुरू करू नका. दिवाळी अंक आले की कादंबरीकडं लक्ष राहत नाही, हा माझा दर वर्षीचा अनुभव. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून आपल्या नोव्हेंबरचं वेळापत्रक ठरूनच गेलंय. फार तर एक पुस्तक घरात हाताशी ठेवा, रमेश इंगळे उत्रादकर यांचं ‘निशाणी डावा अंगठा’. प्रौढ साक्षरता अभियान कागदावर कसं चालतं याचा हा बुलढाण्याकडचा तमाशा. पाहुण्यांनी घर भरलेलं असताना मधूनच दोन पानं मोठ्यानं वाचून दाखवायला याच्यासारखं पुस्तक नाही. सरकारी नोकरीतला एक तरी पाहुणा असला की आणखी मजा. आमचे एक मास्तर साडू हसता हसता गप्प झाले आणि म्हणाले, “हे फॉर्म मी भरलेत.”

थंडी, म्हणजे जाड पुस्तकांचा हंगाम

एक डिसेंबर ते चौदा जानेवारी हे दिवस होतात पंचेचाळीस. सहाशे पानांच्या पुस्तकाला रोज चौदा पानं पडतात. चौदा पानं म्हणजे अर्धा-पाऊण तास. संक्रांतीला पुस्तक संपतं. इतकं साधं गणित आहे, तरी लोक जाड पुस्तकाला भितात.

भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ मी याच हिशेबानं वाचली. २०१० ला आली, तेव्हा आमच्या वाचनालयात तिला नंबर लागले होते. माझ्या आधीच्या तिघांनी ती आठवड्याच्या आत परत केली, म्हणून मला लवकर मिळाली. त्यांची चूक एकच, ते गोष्ट शोधत बसले. खंडेराव मोहेंजोदडोला उत्खननात असतो, वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं आणि तो मोरगावला परत निघतो. या एका परतीच्या वाटेत सगळी अडगळ निघते, शेती, जाती, भावकी, आत्या, महानुभाव, म्हणी, शिव्या. घरचा माळा साफ करायला चढलेला माणूस जसा दर वस्तूपाशी बसतो, तसं हे पुस्तक बसत बसत जातं. तुम्हीही बसा. एखादा भाग कंटाळवाणा वाटला तर चौदाच पानांचा तर आहे, उद्या दुसरा येईल. मला स्वतःला त्यातला काही भाग पुन्हा वाचावासा वाटत नाही, हेही सांगतो. पण जो वाटतो तो चार वेळा वाचलाय.

रंगनाथ पठारे यांचं ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) याहून जाड, सातशेच्या वर पानं, आणि एका कुळाच्या पिढ्या शतकांमागून शतकं चालत येतात. इथं युक्ती अशी की पहिल्या दिवसापासून वंशावळ काढत जा. मी जुन्या लॉगशीटच्या कोऱ्या बाजूवर काढली आणि पुस्तकातच ठेवली. कोण कुणाचा, कुठून कुठं गेला, कुणाशी लग्न केलं. पुस्तक परत करताना कागद आत राहिला. पुढं दोन वर्षांनी वाचनालयात एका अनोळखी मुलीनं विचारलं, “हा तक्ता तुम्ही केलात का? त्यात एक नाव चुकलंय.” तिनं पेन्सिलनं दुरुस्त केलेलं होतं. बरोबर होतं तिचं.

आणि आता ज्या पुस्तकामुळं माझी झोप उडाली ते. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’, १९९१ ची, पुढच्याच वर्षी अकादमीचा पुरस्कार. धरणग्रस्तांची कादंबरी. मी नोकरीत नवा होतो तेव्हा वाचली, थंडीतच, सलग पाच-सहा रात्रपाळ्या. गाव उठतं, पुनर्वसनाचे कागद फिरतात, माणसं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात. वाचता वाचता तास झाला, उठलो, पॅनेलसमोर उभा राहिलो. काटा स्थिर होता. आमच्या तालुक्याच्या सीमेवर वारणेचं चांदोली धरण आहे, त्यात गेलेल्या गावांतली माणसं मी बाजारात बघत आलेलो. कुठल्यातरी धरणाखालचं जनित्र फिरतंय, ती वीज माझ्या बसबारवर येतेय आणि तिची नोंद मी सुवाच्य अक्षरात करतोय. मी कुणाचं गाव बुडवलेलं नाही, हे खरंच. पण त्या रात्रीची ओळ लिहिताना अक्षर बिघडलं. म्हणून ही कादंबरी मी कुणालाही ‘छान आहे, वाच’ असं म्हणून देत नाही. थंडीत द्यायचं कारणही तेच. नंतर बराच वेळ गप्प बसता यावं लागतं, आणि उन्हाळ्यात घरात पाहुणे असतात.

नंदा खरे यांची ‘उद्या’ मात्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी, नवं कॅलेंडर भिंतीवर लागलेलं असताना. माणसाची एकूण एक माहिती कुणाकडं तरी जमा होत असलेलं नजीकचं भविष्य त्यात आहे, आणि दर वर्षी ते आणखी थोडं नजीक येतं. २०२० चा अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नम्रपणे नाकारला. पेशानं ते स्थापत्य अभियंता, त्यामुळं यंत्रणा आतून कशी चालते हे त्यांना कळायचं. वाचताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. ठेवायचं सुचलं नाही तर तिसाव्या पानावर आपोआप ठेवाल.

उन्हाळा

अवकाळी आला, गारा पडल्या, की आनंद विंगकर यांची ‘अवकाळी पावसाच्या दरम्यानची गोष्ट’ काढावी. लहान आहे, शेतकऱ्याच्या घरातल्या आत्महत्येची आहे, आणि बातमीत जे येत नाही ते तिच्यात आहे. यापलीकडं तिच्याबद्दल बोलून तिची धार घालवत नाही.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ मात्र मी चुकीच्या महिन्यात वाचली. नावातच बारा महिने आहेत म्हणून कुठल्याही महिन्यात चालेल असं वाटलं. वैशाखात घेतली. शिकून बेकार राहिलेला एकनाथ, विदर्भातली कोरडवाहू शेती, घरातली रोजची धुसफूस. बाहेर ऊन, आत ती, मला पुस्तकाचा राग यायला लागला. पुस्तकाचा दोष नव्हता, फार खरी कादंबरी आहे, २००४ चा अकादमी पुरस्कार उगाच नाही. पुढं काही वर्षांनी ऊसबिल जमा झालेलं, घरात फराळाचा वास, अशा वेळी परत वाचली. तेव्हा कळली. पोट भरलेलं असताना वाचावी अशी ती आहे. भुकेल्या माणसाला तिच्यातलं सगळं आधीच माहीत असतं.

मग उन्हाळ्यात काय? जे स्वतःहून चालतं ते. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ मेमध्ये वाचावी, शाळा बंद असताना. आणीबाणीच्या काळातलं गाव, नववीतला मुकुंद जोशी, अर्धवट बांधकामात बसणारी पोरं, आणि त्याला आवडणारी शिरोडकर. सिनेमा बघितलेला असला तरी वाचा. पोरांच्या डोक्यात चालणारी बडबड सिनेमात येऊच शकत नाही. पुतण्याला नववीत असताना दिली, दोन दिवसांत संपवली. वहिनींनी चार पानं चाळून मला फोन केला, “भावजी, यात शिव्या आहेत.” म्हटलं, “आहेत. त्याला सगळ्या आधीपासून येतात.”

आणि मनोज बोरगावकर यांची ‘नदीष्ट’. नांदेडजवळची गोदावरी, तिच्यात रोज पोहायला जाणारा निवेदक, आणि त्या काठावर भेटणारी माणसं, ज्यांच्याकडं एरवी आपण बघतसुद्धा नाही. पोहता येत असेल तर ही वाचल्यावर अंगात शिरशिरी येते. येत नसेल तर यायला पाहिजे होतं असं वाटतं. दुपारी दोन ते चार, ओल्या फरशीवर पालथं पडून वाचायची.

ट्रिप झालेली पुस्तकं

श्याम मनोहरांचं ‘उत्सुकतेने मी झोपलो’ मी एका मे महिन्यात दुपारी उघडलं आणि तिसऱ्या पानावर नावाप्रमाणं वागलो. दुसऱ्या दिवशी तेच. नोंदवहीत लिहिलं, ‘मे, ट्रिप.’ मी अशी वही ठेवतो, तुम्हीही ठेवा. पुस्तकाचं नाव, महिना, आणि ‘चालू’ की ‘ट्रिप’. नियम दोन रीडिंगांचा. पन्नास-पन्नास मिनिटांच्या दोन बैठका दिल्या आणि तरी पुस्तक धरत नसेल तर बंद करायचं, आणि दुसऱ्या हंगामात परत लावून बघायचं. मनोहरांचं पुस्तक डिसेंबरात परत लावलं. थंड डोक्यानं वाचल्यावर एकेका साध्या वाक्यात केवढा खट्याळपणा भरलाय ते दिसायला लागलं. २००८ चा अकादमी पुरस्कार मिळालेल्या पुस्तकाला मी मेमध्ये नापास केलं होतं. तिसऱ्या हंगामातही ट्रिप झालं तर मात्र पुन्हा लावायचं नाही. फीडरसुद्धा तीनदा उडाला की आम्ही आधी लाइन चालत जाऊन बघतो, फॉल्ट कुठं आहे ते. वाचणाऱ्याच्या बाबतीत तो बहुतेक डोळ्यांचा नंबर वाढल्यात सापडतो.

पुस्तकं कुठून आणायची याचं फार अवघड नाही. जाड पुस्तकं विकत घ्यायला महाग पडतात, तर चौघांत एक घ्या, किंवा वाचनालय लावा. तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपालाला पुरस्कारांची कात्रणं नेऊन दिली तर पुढच्या खरेदीत ती पुस्तकं येतात, हा माझा अनुभव. कोल्हापूरला जाणं-येणं असेल तर करवीर नगर वाचन मंदिर आहेच, १८५० पासूनचं.

आमच्या घरातला दुसरा हिशेब

हे सगळं लिहून मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तुम्हाला पन्नास मिनिटं सलग मिळायची म्हणून हे ऋतू सुचतात. मला दहा मिळायची. माझा बारा महिने एकच हंगाम, सगळी झोपल्यावरचा.”

तिची पद्धत वेगळी आहे, आणि ज्यांना माझी लागू पडत नाही त्यांनी तिची घ्यावी. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, खूण म्हणून केसातली पिन, जागा भाताच्या डब्यावर. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत जेवढं होईल तेवढं. शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ तिनं अशी दोन महिन्यांत वाचली, भाताची रोपलागण चालू असताना, दिवसभर चिखलात वाकून आल्यावर. कोवळ्या वयापासून घर ओढत आलेली रीटा एक दिवस कोसळते आणि इस्पितळात पडते, तिथून कादंबरी मागं-पुढं होते. वाचून झाल्यावर ती मला म्हणाली, “ही बाई आजारी पडली म्हणून तिला झोपायला मिळालं.” मी तीच कादंबरी त्याआधी वाचली होती आणि माझ्या वहीत तिच्यापुढं नुसतं ‘चालू, जानेवारी’ लिहिलेलं होतं.

कविता महाजन यांची ‘ब्र’ही तिचीच शिफारस. आदिवासी भागातल्या महिला सरपंच, पंचायती, संस्था, आणि तोंडातून ‘ब्र’ काढायची किंमत. कधी वाचायची विचारलं तर म्हणाली, ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की. आमच्या वॉर्डात महिला राखीव आली तेव्हा उमेदवार बाईंचा फोटो लहान आणि त्यांच्या नवऱ्याचा मोठा असा बोर्ड लागला होता. तिनं आपली प्रत त्या बाईंना नेऊन दिली. अजून परत आलेली नाही, म्हणजे वाचताहेत किंवा लपवलीय.

सध्या माझ्याकडं प्रवीण बांदेकर यांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ आहे, २०२२ च्या अकादमी पुरस्काराची. लेखक सावंतवाडीचे, घाटाखालचे, आणि आमच्याकडं पाऊस तिकडूनच वर चढतो, म्हणून ती मृगासाठी राखून ठेवली होती. वहीतली शेवटची नोंद अशी: ‘आर्द्रा, पहिला आठवडा. पान ११२. चालू. लाइट गेली ८.४०.’ अंधारात हात फोनकडं गेला, कुठला फीडर गेला ते विचारायला. बायकोनं मेणबत्ती आणून पुस्तकाशेजारी ठेवली आणि म्हणाली, “आता तुमचं परमिट नाही. वाचा.”